सुई कुठे टोचता, ते दाखवा बघू

फोंडा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नर्सिंगच्या प्रबंधाचा सिनॉप्सिस, म्हणजे आराखडा, परवा रात्री वाचला आणि काल दुपारी पुन्हा काढून बसले. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचं ज्ञान वाढवण्यासाठी टीचिंग प्रोग्रॅम, एकच गट, साठ जणांचा सोयीने घेतलेला नमुना, आधी प्री-टेस्ट आणि सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट. ही रचना मला तोंडपाठ आहे, कारण माझा स्वतःचा प्रबंध थेट असाच होता. म्हणून आज थोडं मोकळेपणाने लिहिते.

माझ्या पोस्ट-टेस्टला गुण भरघोस वाढले होते. आधी-नंतरचे गुण ताडून पाहणारी पेअर्ड टी-टेस्ट लावली, फरक लक्षणीय निघाला, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सगळे खूश. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी वाळपईच्या पलीकडे एका गावात गेले, तर माझ्या नमुन्यातली एक बाई भेटली. हाताला धरून घरात नेलं, चहा ठेवला. जेवणाआधीच्या इंजेक्शनची वेळ झाली होती, तेव्हा तिने माझ्यासमोरच सुई घेतली. पदर बाजूला केला, तर बेंबीच्या उजव्या अंगाला लिंबाएवढा मऊ फुगवटा. ती नेमकी त्याच्यातच सुई टोचत होती. मी विचारलं, इथेच का? ती म्हणाली, "हांगा दुखना."

खरंच दुखत नाही तिथे. रोज एकाच जागी टोचून त्वचेखाली चरबीची गाठ होते आणि तिथली जाणीव कमी होते. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी हळू शोषलं जातं, कधी भलत्याच वेळी. साखर वर-खाली होत राहते, डॉक्टर डोस वाढवतात आणि बाईला वाटतं, आपलंच नशीब खोटं. घरी येऊन मी कोड नंबरावरून तिचा कागद काढला. "टोचण्याची जागा रोज बदलावी का?" तिने बरोबर उत्तरावर खूण केली होती. माझ्या प्रबंधात ती सुधारलेल्या रुग्णांत मोजली गेली होती. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. तुला लिहिते, कारण तुझ्या प्रश्नावलीत तोच प्रश्न अकराव्या क्रमांकावर आहे.

तो काढू नकोस, राहू दे. पण त्याच्या जोडीला निरीक्षणाची चेकलिस्ट कर. रुग्णाला म्हण, "सुई कुठे टोचता, ते दाखवा बघू." आडोसा कर, परवानगी घे आणि पोटावर, मांडीवर हाताने चाचपून पाहा. काही गाठी डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच कळतात. हात धुतला का, गढूळ इन्सुलिनची बाटली हलक्या हाताने फिरवली का की जोरात हलवली, इन्सुलिनचं पेन असेल तर टोचल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवली का, उघडलेल्या बाटलीवर तारीख आहे का, सुई किती वेळा वापरली, हे सगळं समोर बसून कळतं. शिकवून झाल्यावरही "समजलं ना?" असं विचारू नकोस. आमच्याकडे नर्सबाईला कोणी "नाही" म्हणत नाही. "आता घरी सुनेला कसं सांगाल, तसं मला सांगा," असं म्हण.

आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेव. गाठीतून टोचणाऱ्या माणसाला तू चांगल्या जागेवर टोचायला लावलंस, की तोच डोस एकदम जास्त लागू शकतो आणि साखर धोक्याइतकी उतरू शकते. तेव्हा जागा बदलायला सांगण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोल, पुढचे काही दिवस साखर जास्त वेळा तपासायला सांग आणि साखर उतरल्याची लक्षणं घरच्यांना शिकव. अभ्यासाच्या आराखड्यात हे लेखी असायलाच हवं.

विषयाचं महत्त्व तू दोन पानं लिहिलंयस. एवढी गरज नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अभ्यास पुरे: देशात प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. या दोन आकड्यांनंतर कोणी "हाच विषय का?" असं विचारणार नाही.

आता भाषा. "आपण शर्करायुक्त पदार्थांचे सेवन किती वेळा करता?" हे वाक्य वाचून मी थांबले. सत्तरी, डिचोली, पेडणे या गोव्याच्या तालुक्यांत आपली माणसं पेपर, पोथी, आरती मराठीत वाचतात, पण दुखणं कोकणीत सांगतात. घरात मधुमेहाला गोडेंमूत म्हणतील किंवा नुसती शुगर. "गोड खाता?" म्हटलं की "नाही" म्हणतील आणि ते खरंच बोलत असतात. सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) दोन उंडे, म्हणजे पाव, चहात बुडवून, दहाच्या सुमाराला तोराच्या (कैरीच्या) लोणच्याशी वाटीभर पेज, साखर वाढवणारं हे सगळं त्यांच्या लेखी गोड नाहीच. तिथे चूक प्रश्नाची आहे. काल सकाळपासून काय काय खाल्लं ते क्रमाने विचार. प्रश्नावली पाच जणींना मोठ्याने वाचून दाखव आणि प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्या तोंडून ऐक. मग उलट भाषांतर, म्हणजे परत मूळ भाषेत, दुसऱ्याकडून करून घे. प्रश्नावली तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या सह्यांइतकंच हेही महत्त्वाचं, माझ्या मते जरा जास्तच.

एकाच गटात आधी-नंतर मोजलं की गुण वाढणारच. तोच पेपर दुसऱ्यांदा समोर आला की माणूस सुधारतो, शिकवलंत किंवा नाही. तेव्हा तुलनेचा गट घे. तो दुसऱ्या आरोग्य केंद्रातला असू दे, कारण ओपीडीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीला शिकवलं की दुसरीला कळतंच. केंद्रं वेगळी म्हणून पडणारा फरक मर्यादांमध्ये लिही. त्या गटाला शेवटचं मोजमाप झाल्यावर तेवढ्याच मनापासून शिकव. पण मधेच त्यांच्यातल्या कुणाच्या पोटावर गाठ सापडली, तर तुलना बिघडेल म्हणून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी त्या माणसाची काळजी घ्यायची, डॉक्टरांना सांगायचं आणि प्रबंधात तसं नोंदवायचं. आपण आधी नर्स.

सात दिवसांचे तीन महिने कर. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, तेवढा काळ गेल्याशिवाय तिला हात लावण्यात अर्थ नाही. तारखा धरताना चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, आठवडा टाळ, तेव्हा घराघरांत नेवऱ्या (गोड करंज्या) असतात. मार्च ते मे सत्तरीतली माणसं पहाटेच काजूच्या बागेत जातात, दारावर कुलूप सापडेल. (तुझ्या मैत्रिणीला विषय मिळत नसेल तर तिला सांग: माकडतापाचे दिवस आणि काजूचे दिवस एकच. गोचिडीपासून बचावाचं तेल लोकांना दिलं जातं, पण बागेत जाताना ते खरंच अंगाला लावलं जातं का, हे तिकडे पहाटे जाऊन बघण्यासारखं आहे.)

फरक नाही निघाला तर? तू हे विचारलं नाहीस, पण सिनॉप्सिसमध्ये ती भीती जागोजागी दिसते. आपल्याच गोव्यात संगत संस्थेने मानस नावाचा मोठा अभ्यास केला, २०१० मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना साथ द्यायची, १२ सरकारी आणि १२ खासगी ठिकाणांपैकी निम्म्यांत; बाकीच्यांत नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत बरे झालेले ६५.९ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फायदा दिसला नाही, आणि त्यांनी तेही तितक्याच स्पष्टपणे छापलं. तो निबंध लायब्ररीतून काढून वाच, विशेषतः तो भाग.

शनिवारी मी घरीच आहे. चेकलिस्टचा कच्चा मसुदा दोन प्रतींत आण. माझ्या जाऊबाई आठ वर्षं इन्सुलिन घेतात, त्यांना विचारलंय आणि त्या तयार आहेत. दुपारच्या इंजेक्शनला तू तुझ्या कागदावर खुणा कर, मी माझ्या कागदावर करीन, एकमेकींचं न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवू आणि कुठल्या ओळीवर आपलं जुळत नाही ते पाहू.

जेवायलाच ये.

तुझी
मॅडम