मूळव्याध म्हणून काढलेल्या गाठीत मॅलिग्नंट मेलानोमा निघाला. पोटावर संडाससाठी कायमची पिशवी लावावीच लागते का?

लागतेच असं नाही. वडिलांची गाठ मूळव्याध म्हणून काढली, बायोप्सीत मेलानोमा हा कॅन्सर आला आणि सर्जननी याच आठवड्यात मोठं ऑपरेशन सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण 2019 मध्ये आमच्या आबांना हेच झालं होतं.

आबांना चार महिने संडासवाटे रक्त जायचं. घरात सगळ्यांनी तांबड्या रश्श्यावर खापर फोडलं. इथल्याच एका दवाखान्यात बोट घालून न तपासता दोनदा मलम लिहून दिलं, त्याचा राग मला अजून आहे. पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी प्रॉक्टोस्कोपी केली, म्हणजे छोट्या नळीतून आत पाहिलं, तर आत करवंदाएवढी काळपट गाठ. रक्त साकळलेला कोंब म्हणून कुणीही सोडून दिली असती. बऱ्याच गाठींना तर काळा रंगही नसतो, ती आणखी मोठी फसवणूक. त्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला, हे त्यांचे उपकार.

मेलानोमा म्हणजे उन्हानं होणारा कातडीचा कॅन्सर, मग इथं कसा, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गुदद्वाराच्या अस्तरातही असतात. याचा उन्हाशी संबंध नाही. या भागातल्या शंभर कॅन्सरांत जेमतेम एखादा असा निघतो, त्यामुळे चांगल्या सर्जननीही असे पेशंट क्वचितच पाहिलेले असतात.

म्हणून आधी लॅबमधून स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते द्यायला लॅब सहसा नाही म्हणत नाही. टपालाच्या तिकिटाएवढी ती मेणाची वडी, मधे तपकिरी ठिपका. उकाड्यात मऊ होईल म्हणून आईनं ती स्टीलच्या डब्यात घातली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये त्याच ब्लॉकवर एस-100, एचएमबी-45, मेलन-ए या मेलानोमा ओळखणाऱ्या मार्करच्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. सी-किट आणि ब्राफ या जनुकांची तपासणीही त्यावरच होते, ती आवर्जून मागा. किटमध्ये बदल सापडला तर काही पेशंटना इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडतात.

मग ओटीपोटाचा एमआरआय आणि पेट-सीटी. आजार जांघेतल्या गाठींत, यकृतात, फुफ्फुसात पसरलाय का, हे कळल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनला होकार देऊ नका.

आता पिशवीचं. गुदद्वार आणि गुदाशय पूर्ण काढून पिशवी लावली, किंवा भोवतीच्या निरोगी कडेसह फक्त गाठ काढली, तरी आयुष्य किती लाभतं यात फरक दिसलेला नाही. फक्त गाठ काढली तर ती त्याच जागी परत येण्याची शक्यता जास्त असते, आणि रेडिएशननं ती कमी करता येते. गाठ मोठी असेल किंवा संडास रोखणाऱ्या स्नायूत शिरली असेल, तर मात्र पिशवी टळत नाही. आबांची शिरली नव्हती. "पिशवी नाही न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढं ते अडीच वर्षं जगले, शेवटचे दोन महिने सोडले तर स्वतःच्या पायांवर. आजार वाईट आहे, हे लपवत नाही. जुन्या आकड्यांत पाच वर्षं काढणारे पाचातले एक किंवा त्याहूनही कमी. आता निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, आलीय. सगळ्यांना लागू पडत नाही, पण ज्यांना पडते त्यांचा आजार बराच काळ आटोक्यात राहतो. इंजेक्शनं महाग आहेत. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला सुरू करण्याआधीच विचारा.

मुंबईला जाणार असाल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची राहायची सोय होते. हॉस्पिटलची फाइल सोबत ठेवा, तिथं आधी तीच बघतात.