थंडीत गॅसची बार्बेक्यू ग्रिल सिलिंडरसकट गराजमध्ये ठेवली तर चालेल का?

ग्रिल गराजमध्ये खुशाल ठेवा, पण सिलिंडर काढून बाहेरच ठेवा. तुमच्यासारखाच मीही टोरंटोजवळ राहतो आणि एकच ग्रिल ११ हिवाळे टिकवली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोपेन हवेपेक्षा जड. व्हॉल्व्ह किंचित जरी गळत असला तरी गॅस जमिनीलगत साचतो आणि बंद गराजमध्ये एक ठिणगी पुरते. बेसमेंटमध्ये तर तो धोका आणखी मोठा. थंडीनं सिलिंडरला काही होत नाही, प्रोपेनचा उत्कलनबिंदूच उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. व्हॉल्व्ह घट्ट बंद करून, सिलिंडर उभा, दारं-खिडक्या आणि कपड्यांच्या ड्रायरची हवा बाहेर येते त्या झडपेपासून लांब ठेवा.

ठेवण्याआधी ग्रिल झाकण लावून मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं तापवा आणि जाळी कोमट असतानाच घासा. तारेचा ब्रश वापरत असाल तर नंतर ओल्या फडक्यानं जाळी नक्की पुसा. तुटलेली तार खाण्याला चिकटून घशात गेल्याचे प्रकार इथे घडले आहेत. जाळी बिडाची असेल तर घरच्या बिडाच्या तव्यासारखंच करायचं: लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा. खालच्या ट्रेमधली चरबी काढून टाका, नाहीतर उंदीर येणारच. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटतात तो रंग नव्हे, जळलेली चरबी आणि काजळी असते. खरवडून काढा. कव्हर घालायचं ते ग्रिल पूर्ण गार आणि कोरडी झाल्यावरच.

आता कोळ्यांबद्दल, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बर्नरच्या नळीत गॅस शिरतो तिथे हवा आत घ्यायला एक फट असते. कोळ्यांना ती जागा फार आवडते. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी ग्रिल पेटवली तर ज्योत निळी येईना, पिवळी आणि मंद. मिनिटभरात बोटांना नॉबपाशी चटका बसला. वाकून पाहिलं तर पॅनेलच्या मागे, नळीच्या बाहेरच जाळ होता. सिलिंडर बंद केला, सगळं गार होऊ दिलं आणि बर्नर काढला. नळीच्या तोंडाशी कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं जाळं होतं, हरभऱ्याएवढंच. तेवढ्यानं गॅसची वाट अडली होती.

तेव्हापासून मी शेवटच्या वापरानंतर बर्नर काढतो, नळ्या बारीक ब्रशनं साफ करतो आणि पिशवीत गुंडाळून घरात ठेवतो. तुम्हाला बर्नर काढायचे नसतील तर निदान वसंतात पहिल्यांदा पेटवण्याआधी नळ्या साफ कराच.

त्याच दिवशी सिलिंडर जोडून, ग्रिलचे नॉब बंद ठेवून, सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आणि होज (गॅसची रबरी नळी) व जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करा, पेटवू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. झटक्यात उघडला तर रेग्युलेटरला गळती झाल्यासारखं वाटतं आणि तो गॅस रोखतो, मग ज्योत मोठी होतच नाही. तसं झालं तर सगळं बंद करून मिनिटभर थांबा आणि पुन्हा हळू उघडा.

आणि सिलिंडरच्या कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या वरच्या कड्यावर, कोरलेली तारीख आत्ताच बघून ठेवा. कॅनडात १० वर्षं उलटलेला सिलिंडर नव्यानं तपासणी झाल्याशिवाय भरून मिळत नाही.