पाच रात्री, एक देश की दोन?

बडोद्यात गणपती उठले की दिवाळीच्या सहलींची चौकशी सुरू होते. नवरात्रात तर लोक गरब्याहून घरी आल्यावर मध्यरात्री मला पॅकेजचे कागद पाठवतात, "ताई, एवढं बघून सांगा ना." यंदा आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत होता: इतक्या लांब जातोच आहोत, तर शेजारचा देशही पाहून यावा का?

उत्तर देताना मी एक हिशेब करते, तो आधी सांगते. सकाळी ज्या गादीवरून उठलात त्याच गादीवर रात्री झोपलात, तर तो 'पूर्ण दिवस'. बाकीचे दिवस बॅग भरण्याचे, रांगांचे आणि खोलीची वाट पाहण्याचे. कागदावर 'सहा दिवस' छापलेलं असलं तरी पाहायला मिळतात ते पूर्ण दिवसच.

प्रश्न: मंगळबाजारात आमचं कपड्यांचं दुकान आहे. लाभपाचमीला दुकान पुन्हा उघडण्याचा मुहूर्त यंदा धाकटे दीर करणार आहेत, म्हणून आम्ही भाऊबीज आटोपून त्याच रात्री निघू शकतो. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. पॅकेज आहे सिंगापूर तीन रात्री, क्वालालंपूर दोन रात्री. मुलाला पासपोर्टवर दोन देशांचे शिक्के हवे आहेत. घ्यावं का?

वहिनी, तुमच्या कागदावर मी पेन्सिल घेऊन बसले. अहमदाबादहून रात्री अकराच्या सुमाराचं विमान धरा. तीन तास आधी विमानतळ, त्याआधी एक्स्प्रेसवेचे दोन तास, म्हणजे हाताशी थोडा वेळ ठेवून संध्याकाळी साडेपाचला घर सोडायचं. भाऊबीजेचं औक्षण दुपारीच उरका. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे सकाळचे सात वाजतील तेव्हा सासूबाईंच्या शरीराला पहाटेचे साडेचार झालेले असतील, आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा हातात येत नाही. तो दिवस गेला. मग सिंगापूरचे दोन पूर्ण दिवस. चौथ्या दिवशी क्वालालंपूरचा प्रवास, पाचवा तिथला एकमेव पूर्ण दिवस, सहाव्या दिवशी परतीचं विमान. एकूण पूर्ण दिवस तीन. फक्त सिंगापूर केलं तर चार.

तुम्ही म्हणाल, फरक एका दिवसाचाच आहे. पण तो चौथा दिवस कसा जातो तेही पाहा. सिंगापूर ते क्वालालंपूर रस्ता सुमारे ३५० किलोमीटर. सिंगापूरच्या बाजूला सगळ्यांनी बसमधून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, परत चढायचं. कॉजवे, म्हणजे दोन देशांमधला समुद्रावरचा रस्ता, ओलांडला की मलेशियाच्या बाजूला पुन्हा उतरायचं, आणि या वेळी बसच्या पोटातल्या बॅगाही काढून तपासणीतून न्यायच्या. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी दोन्ही देशांत असते, त्यामुळे त्या आठवड्यात या नाक्यावर गर्दी जास्त. विमानाने गेलात तर उड्डाण तासाभराचं, पण तिथला विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. दारापासून दारापर्यंत वेळ जवळपास तेवढाच लागतो.

त्या नाक्यावर मी एका आजींना पाहिलं आहे, त्या आजही डोळ्यांसमोर आहेत. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने सगळ्यांच्या पासपोर्टांची कापडी पिशवी छातीशी घट्ट. मागून नातू चाकांची बॅग ओढतोय. रांग सरकली की त्या पाऊलभर सरकायच्या, थांबली की डोळे मिटायच्या. संध्याकाळी पेट्रोनासचे मनोरे दिव्यांनी उजळले होते, सगळे फोटोला उतरले, आजी बसमध्येच बसून राहिल्या. एवढा खर्च करून त्यांच्या वाट्याला रांग आली, याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्या पॅकेजमध्ये पाचव्या दिवशी बाटू केव्हज, गेंटिंग आणि शहरदर्शन असं तिन्ही आहे. बाटू केव्हजच्या मुरुगन मंदिराला २७२ पायऱ्या आहेत, गेंटिंग डोंगरावर आहे. एका दिवसात हे तिन्ही म्हणजे बसच्या खिडकीतून मलेशिया पाहणं.

म्हणून सांगते, या खेपेला फक्त सिंगापूर करा, पाचही रात्री एकाच हॉटेलात. प्राणिसंग्रहालयात ट्राम असते, सासूबाईंना फार चालावं लागणार नाही. सेंटोसा या करमणुकीच्या बेटाचा दिवस शनिवार-रविवार सोडून ठेवा. लिटल इंडियात दिवाळीची रोषणाई असते, शाकाहारी जेवणाचीही ददात नाही. चार पूर्ण दिवसांपैकी एक दुपार मुद्दाम मोकळी सोडा. दहा वर्षांचं मूल हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातही तितकंच रमतं.

मुलाच्या शिक्क्याचं मात्र त्याला आत्ताच समजावून सांगा. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही. प्रवेशाची नोंद ई-पास म्हणून ईमेलवर येते. तिथे पोहोचून कळलं तर हिरमुसेल.

सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणखी एक, फराळाचा डबा भराल तेव्हा अनारसे घरीच ठेवा. खसखस सिंगापुरात निषिद्ध मालात मोडते. दुबईतही ती चालत नाही. चकली आणि आपला बडोद्याचा लीलो चेवडो खुशाल न्या.

पुढे कधी मलेशियाला जावंसं वाटलं तर तो देश स्वतंत्र करा. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे व्हिसामाफी आहे आणि खर्चही सिंगापूरपेक्षा कमी. असे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घ्यायची.

प्रश्न: आम्ही दोघंही विद्यापीठात शिकवतो. नऊ रात्री हातात आहेत. व्हिएतनाम ठरलंय, पण कंबोडियातलं 'अंगकोर वाट' हे मंदिर पाहायची फार वर्षांची इच्छा आहे. तुम्ही नेहमी एकच देश सांगता, म्हणून विचारायला संकोच वाटतो.

संकोच कशाला? तुम्ही जरूर दोन देश करा. दुसरा देश कशासाठी, याचं तुमच्याकडे नेमकं उत्तर आहे, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. ख्मेर राजा सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकात बांधलेलं ते विष्णुमंदिर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधे विष्णू, आणि वासुकी हातांहातांतून पुढे सरकत गेलेला. आपण लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट तिथे चालत चालत वाचता येते. मी तिथे गेले तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला मला अर्धा तास लागला, आणि परत फिरून पहिल्यापासून पाहिलं.

पण मग व्हिएतनाम आटोपशीर ठेवावं लागेल. तो देश उभा, चिंचोळा आणि सुमारे १६५० किलोमीटर लांब आहे. हानोई ते हो ची मिन्ह सिटी विमानानेच दोन तास. हानोई, हालाँग बे, दा नांग, हो ची मिन्ह सिटी आणि वर कंबोडिया असं नऊ रात्रींत बसवलं तर रोज बॅगच भराल. माझा सल्ला, उत्तर व्हिएतनाम या वेळी सोडा. दा नांगजवळच्या होई आनला तीन रात्री, हो ची मिन्ह सिटीला तीन आणि अंगकोरसाठी सिएम रीपला तीन. होई आनहून साधारण ४० किलोमीटरवर 'मी सन' नावाचं ठिकाण आहे, तिथल्या जुन्या चाम राजांची शिवमंदिरं. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे जतनाचं काम केलं आहे आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. 'मी सन' पाहून मग अंगकोरला गेलात की दोन देश एकाच धाग्यात ओवले जातात.

क्रम हाच ठेवा, आधी व्हिएतनाम, शेवटी कंबोडिया, आणि परतीचं तिकीट सिएम रीपहून. कारण सांगते. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदा प्रवेशाचा आणि अनेकदा प्रवेशाचा असा दोन प्रकारचा मिळतो. शुल्क २५ आणि ५० डॉलर. एकदा प्रवेशाचा व्हिसा घेऊन तुम्ही कंबोडियात गेलात की तो संपला. दोन वर्षांपूर्वी एका जोडप्याचा मला सिएम रीपच्या विमानतळावरून फोन आला होता. तिकीट त्यांनी दुसरीकडून काढलं होतं, स्वस्त पडलं म्हणून परतीचा मार्ग हानोईवरून, आणि व्हिसा एकदा प्रवेशाचा. काउंटरवरच्या मुलीने विमानात चढू दिलं नाही. नवा ई-व्हिसा काढायला कामाचे काही दिवस लागतात, त्यांच्याकडे काही तास होते. त्या रात्री दोघांची नवी तिकिटं तिसऱ्याच देशामार्गे काढावी लागली. सगळा फरक माणशी पंचवीस डॉलरचा होता. तेव्हा मार्गात जरा जरी शंका असली तरी अनेकदा प्रवेशाचाच घ्या.

अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ डॉलर. तीन दिवसांचा घ्या, ते तीन दिवस सलग असावे लागत नाहीत. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला, तो गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. परतीच्या दिवशी तो तास विसरू नका.

प्रश्न: आम्ही निवृत्त आहोत. आठ रात्रींत स्वित्झर्लंड आणि पॅरिस जमेल का? व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा? जवळच आहे तर लंडनही करावं, असं जावई म्हणतात.

काका, पॅरिस आणि स्वित्झर्लंड छान जमतं. इथे सरहद्द ओलांडायला वेळ जात नाही. दोन्ही देश शेंगेन व्यवस्थेत आहेत, एकच व्हिसा चालतो आणि आगगाडी साधारण चार तासांत पॅरिसहून झुरिकला पोहोचवते, शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. सकाळची गाडी धरलीत तर दुपारचं जेवण झुरिकला. पॅरिस तीन रात्री, स्वित्झर्लंड पाच. स्वित्झर्लंडमध्ये रोज गाव बदलू नका. ल्युसर्न किंवा इंटरलाकेन यांपैकी एक ठिकाण धरून तिथून गाडीने फिरा, संध्याकाळी मुक्कामी परत.

जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंडकडे. चार-चार रात्री समसमान असत्या तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. शुल्क माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उन्हाळ्यात जायचं तर हिवाळ्यातच कामाला लागा. युरो आणि स्वित्झर्लंडचे फ्रँक दोन्ही थोडे जवळ ठेवा.

लंडन मात्र नको. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. वेगळा व्हिसा, वेगळं शुल्क, वेगळी कागदपत्रं, आणि इतकं करून दोन रात्री. जावईबापूंना सांगा, लंडन पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत.

प्रश्न: मित्रांचा पाच दिवसांचा दुबईचा बेत आहे. ओमान जोडू का?

नको. त्याऐवजी एक दिवस अबुधाबीला जा. रस्त्याने साधारण १४० किलोमीटर, तोच देश, तोच व्हिसा, हॉटेलही बदलायचं नाही. शेख झायेद मशीद आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं बीएपीएस या स्वामिनारायण संस्थेचं दगडी मंदिर एका दिवसात होतं. दोन्हीकडे अंगभर कपडे लागतात, अर्ध्या चड्डीत जाऊ नका.

प्रश्न: आई-बाबांची लग्नाची पन्नाशी आहे. सात रात्रींचं नेपाळ-भूतान पॅकेज भेट द्यायचं आहे. बाबा ७४, आई ७०. आईचे गुडघे दुखतात, पण सांगणार नाही.

"पण सांगणार नाही" हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. पॅकेज मी वाचलं. त्यात काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ, पारो, थिंपू आणि टायगर्स नेस्टचा मठ आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, आणि मठ ३,१०० मीटरच्या आसपास डोंगराच्या कड्याला चिकटलेला. तिथे शेवटी पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात, आणि तेवढंच परत. आई सगळ्यांबरोबर निघतील, अर्ध्या वाटेवर बसतील आणि "तुम्ही जाऊन या" म्हणतील.

एकच देश करा, नेपाळ. काठमांडू तीन रात्री, पोखरा चार. दोन्हींच्या मधे रस्त्याने जाऊ नका, विमान अर्ध्या तासाचंही नाही. पशुपतिनाथाचं दर्शन सकाळी लवकर, मग दिवसभर विश्रांती. पोखऱ्यात फेवा तलावाकाठची खोली घ्या, खिडकीतून तलाव दिसेल अशी मागून घ्या. आकाश निवळलं की माछापुछ्रे शिखर पोखऱ्यातूनच दिसतं, त्यासाठी कुठे चढायला नको. तुम्ही दोन रात्री वाचवून दुसरा देश देण्यापेक्षा त्या दोन रात्री तलावाकाठी दिल्यात तर आईंना जास्त आवडेल, असं मला मनापासून वाटतं.

भूतान हवंच असेल तर पुढे कधी, पारो आणि थिंपू एवढंच. भारतीयांना तिथे माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, ते पॅकेजमध्ये धरलंय का ते विचारून घ्या.

नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. ६५ वर्षांपुढच्यांना आधार कार्डही चालतं, पण तुम्ही सोबत जाणार असाल तर तुम्हाला चालणार नाही. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव आजच शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहा. आईंचं माहेरचं नाव अजून कुठल्या कागदावर राहिलंय का, तेही बघा.