गच्चीवरचा चुना टिकत का नाही?

प्रश्न : अकोल्यात आमचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्याचं छत रात्री अकरापर्यंत आग ओकतं. गच्ची ९०० चौरस फूट. गेल्या वर्षी चुना मारला, तर तो महिनाभरात पायाला लागू लागला. आता चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) करावं की खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग?

उत्तर : आधी चुनाच नीट मारून पाहा. पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खोलीत सोडतो. फॉल्स सीलिंगनं स्लॅब तापायचा थांबत नाही, फक्त खाली उतरणारी उष्णता थोडी अडते. शिवाय खोलीची उंची जाते. ऊन वरच परतवलेलं बरं. जुनं काँक्रीट पडलेल्या उन्हाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग परतवतं, ताजा पांढरा चुना दोन तृतीयांशाहून अधिक.

तुमचा चुना सुटला, त्याचं कारण बहुधा धूळ किंवा भर दुपारचं काम. तापल्या स्लॅबवर पाणी लगेच उडतं, चुना धरत नाही, त्याची भुकटी होते. होळीच्या आसपास तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि धूळ काढा, गच्ची धुवा. लोखंडी पिंपात १ किलो कळीच्या चुन्याला ५ लिटर पाणी. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलंत तर उसळून अंगावर येईल. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. २४ तास मुरू द्या, कापडानं गाळा, मग १० किलो चुन्यामागे अर्धा किलो पांढरा गोंद (फेविकॉलसारखा). तुमच्या गच्चीला दोन हातांसाठी साधारण १२ किलो चुना धरा. खडबडीत स्लॅब जास्त पितो. संध्याकाळी, स्लॅब ओलसर करून पहिला हात. दुसऱ्या संध्याकाळी आडवा दुसरा. नीळ घालू नका, तिनं पांढरेपणा नुसता डोळ्यांना भासतो.

चुन्यानं गळती थांबत नाही, ती आधी दुरुस्त करा. गच्चीचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या पावसांचं पाणी बाहेर सोडा. पावसाळ्यात चुना झिजणारच, म्हणून दरवर्षी नवा हात द्यायचा.

चायना मोझॅक वर्षानुवर्षं टिकतं. पण त्याखाली चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमध्ये बसवलेला थर) घातला, तर ९०० चौरस फुटांवर १५ टनांहून जास्त वजन चढतं. जुन्या घरावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.