अश्वसंस्कृतीच्या अभ्यासाला सुरुवात करताना

आपण निरनिराळ्या संस्कृतींतील घोड्याच्या स्थानाचा अभ्यास करू इच्छिता, हे वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला राजे आणि लढाया बाजूला ठेवा व खोगीर, रिकीब आणि लगाम नीट पाहायला शिका, कारण घोड्याकडून कोणते काम घेतले जात होते हे या वस्तूच सर्वांत आधी सांगतात. मंगोल स्वार आखूड रिकिबीत जवळजवळ उभा राहून दौडतो. अमेरिकेतील गुराखी सैल लगाम एकाच हातात धरून तो मानेला नुसता टेकवतो आणि घोडा वळवतो, त्यामुळे त्याचा दुसरा हात फासाच्या दोरासाठी मोकळा राहतो. अशी चित्रे शेजारी शेजारी ठेवून सावकाश न्याहाळा.

नवख्यांच्या दोन चुका मला वारंवार दिसतात:

- उत्तर अमेरिकेच्या मैदानी जमातींकडे घोडे अनादि काळापासून होते, असे समजणे. तेथील मूळ घोडे हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. १४९३ पासून स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात पुन्हा घोडे आणले आणि कोमांची, लाकोटा यांची विलक्षण अश्वसंस्कृती त्यानंतर बहरली.
- रिकिबीशिवाय घोडदळ अशक्य मानणे. प्राचीन इराणातील पार्थियन स्वार तिच्याविनाच भरधाव घोड्यावरून मागे वळून बाण सोडत.

घोडा प्रथम कोठे माणसाळला, हा गुंतागुंतीचा वाद तूर्तास नको. एकच समाज निवडा आणि त्याच्या भाषेतील घोड्यांच्या रंगांचे शब्द जमवू लागा. मंगोलियन भाषेत ते शेकड्यांनी सापडतील.