गोवर झालेल्या मुलांपैकी निम्म्यांना लस दिलेली होती. मग लस उपयोगी पडते की नाही, हे मोजायचं कसं?

आजारी मुलांत लसवाली किती, एवढंच मोजून काही कळत नाही. वस्तीत एकूण लसवाली किती, ते आधी काढा. समजा 200 मुलं आहेत, 180 जणांना लस दिली, 20 जणांना नाही. दोन्हीकडची दहा-दहा आजारी पडली. झाली की 'निम्म्यांना लस'! पण बिनलशीच्या विसातली दहा म्हणजे 50 टक्के, आणि 180 मधली दहा म्हणजे साडेपाच. 50 चा धोका साडेपाचवर आला, म्हणजे लशीने 89 टक्के धोका टाळला. नवव्या महिन्याच्या एका डोसाकडून 85 टक्क्यांच्या आसपासच अपेक्षा असते, दोन डोसांनंतर 97.

घोळ होतो तो 'लस दिली' या रकान्यात. मी 26 वर्षं आरोग्यसेविका होते. एका तांड्यावर गोवर निघाला तेव्हा घरोघर फिरले. एक आई म्हणाली, "दिली की सुई, सिस्टर." कुठे टोचली, विचारलं तर तिने पोराच्या मांडीवर हात ठेवला. मांडीत आम्ही पेंटा, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, देतो, गोवराची उजव्या दंडात. कार्ड मागितलं. ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत होतं. नवव्या महिन्याचा रकाना कोरा. तेव्हा घर ऊसतोडीला गेलेलं.

मी 'लस नाही' लिहिलं. साहेबांनी ते खोडायला लावलं, कारण मासिक अहवालात तांडा शंभर टक्के दाखवलेला. अशी सात नावं बदलली. पुढच्या बैठकीत त्याच यादीवरून मला म्हणाले, लस निकामी झाली, तुमची शीतसाखळी तुटली असणार, म्हणजे लस वाटेत थंड राहिली नाही. माझी! आइसपॅक मी रोज स्वतः भरायची आणि द्रावणात कालवलेली लशीची कुपी चार तासांच्या वर कधी ठेवली नाही. लस चांगली होती, त्या सात पोरांपर्यंत पोहोचलीच नव्हती.

तेव्हा कार्डावरची तारीख बघा. तोंडी सांगितलेलं वेगळ्या रकान्यात लिहा. नऊ महिन्यांखालची मुलं हिशेबात धरू नका. शीतसाखळी कुठे कुठे खरंच तुटते, हेही खरं. शिवाय अंगावर पुरळ आलं म्हणजे गोवरच असं नाही, रुबेलाही असतो; रक्ततपासणी हवी.

आणि यादीत कोणी वरून दुरुस्ती सांगितली, तर तिथेच त्यांची सही घ्या. मी घेतली नव्हती.