तंत्रज्ञान सतत बदलत असताना कंपनीचे प्रमुख निर्णय कसे घेतात?

माझ्या मते पहिला प्रश्न हाच: निर्णय चुकला तर मागे फिरता येईल का? येत असेल, तर बैठकांमध्ये महिने घालवण्यापेक्षा छोट्या टीमला करून पाहू द्यावं. परतीची वाट नसेल तिथे मात्र घाई नको.

बदल येतोय हे नुसतं आधी कळून भागत नाही. फोटो फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता; पण कंपनीला फिल्मचा नफा सोडवेना, आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. फुजीफिल्म या दुसऱ्या फिल्म कंपनीवरही डिजिटलचं तेच संकट आलं होतं. त्यांनी आपल्याला नेमकं काय येतं ते तपासलं. फोटो फिल्ममध्ये कोलॅजन हे प्रथिन लागतं, तेच आपल्या त्वचेतही असतं! त्या ज्ञानावर त्यांनी सौंदर्यप्रसाधनं काढली, शिवाय एलसीडी पडद्यांसाठी फिल्म बनवली.